बत्तीस मणी

तार्तूला जानेवारीत उजेड नऊला येतो,
चारला निघून जातो, हजेरीपुरता.
तळघरात त्याचं काही अडत नाही.
मी इथली यंत्रं सांभाळतो.
कुणाला किती तास, किती वीज,
सगळं माझ्या वहीत.

भांडण तासांवरूनच झालं.

एंडेल क्रूसमा म्हणाला,
अणूचं केंद्रक म्हणजे गोटी.
तिला जागा आहे, वेग आहे, ढकललं की जाते.
इलेक्ट्रॉनांचे नखरे वेगळे, ते मान्य,
पण केंद्रक जड. जडाला जुनं गणित पुरतं.
चाळीस वर्षं मी गोट्यांवरच पाणी उकळतोय.

हिल्ये रानामेट्सच्या बुटांवर अजून बर्फ होता.
हायड्रोजन जड? ती म्हणाली.
पार निरपेक्ष शून्यापर्यंत थंड करा,
तरी थरथरायचा थांबत नाही.
मध्ये टेकडी आली तर कधी कधी चढतही नाही,
नुसता पलीकडे सापडतो.
आणि दोन ऑक्सिजनांच्या मधोमध
त्याचं तळ्यात-मळ्यात चाललेलं असतं.
विचारा त्याला, कुठे आहेस?
थोडा तळ्यात, थोडा मळ्यात,
आणि उडी मारलेलीच नाही.

तिचा उपाय असा:
प्रत्येक केंद्रकाच्या जागी एक माळ.
बत्तीस मणी, शेजारचा शेजाऱ्याला स्प्रिंगने बांधलेला,
शेवटचा पहिल्याला.
एकटा मणी म्हणजे एंडेलची गोटीच.
पण माळ पसरते, अंग चोरते,
अणू जितका हलका तितकी सैल.
ऑक्सिजनची मुठीत मावेल,
हायड्रोजनची ओघळते बोटांमधून.

मी हिशेब मांडला.
बत्तीस मणी, बत्तीस पट वीज.
नाकापेक्षा मोती जड,
एंडेल म्हणाला,
आणि सहीचं पेन परत खिशात.

त्या रात्री तिने स्टाफच्या फ्रिजमध्ये,
एंडेलच्या आंबट सायीच्या डब्याला टेकवून,
दोन बाटल्या ठेवल्या.
एकीत साधं पाणी, एकीत जड पाणी.
फ्रिजचा काटा दोन अंशांवर.

सकाळी एंडेल साय घ्यायला आला.
एक बाटली डुचमळली.
दुसरीत बर्फ.

तो तसाच उभा, दार उघडं,
फ्रिज कुरकुरायला लागला.
जुन्या गणितात वजन दुप्पट केलं
तर गोटी फक्त सावकाश चालते;
गोठायचं कधी, ते तिथे वजनावर ठरत नाही.
हे त्यानेच शिकवलं होतं, पहिल्या वर्षाला,
हिल्ये तिसऱ्या बाकावर होती.

पेन बाहेर आलं.
मी नऊ आठवडे लिहिले.

नऊ आठवडे पंख्यांची घरघर,
बाहेर, झरोक्याखालच्या फरशीवर
बर्फ टिकेना; एक मांजर मुक्कामाला आलं.

मग आलेख आला.
हिल्येची निळी रेघ एंडेलच्या काळ्या रेघेवर
जवळजवळ बसली.
कुणी हसलं नाही.

थरथर एका दिशेने बंध आवळते,
दुसऱ्या दिशेने वाकवून ढिला करते,
तिने हळू आवाजात सांगितलं.
दोघी एकमेकींना खोडतात. पूर्ण नाही.
खोडून उरतं ते
त्या बाटलीतल्या बर्फाएवढं.

म्हणजे माझं बरोबर होतं?

उत्तर बरोबर होतं, सर.

एंडेलने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
सीझियमला तरी गोटीच ठेव, म्हणाला.
ठेवते, ती म्हणाली.

वहीत मी तास मिटवले, विजेचा आकडा भरला.
"कशासाठी" या रकान्यात काय लिहावं सुचेना,
म्हणून "पाणी" लिहिलं.

जड पाण्याची बाटली अजून फ्रिजमध्येच आहे.
दोघांपैकी कुणी काढत नाही.
मी तिच्यावर चिठ्ठी डकवली आहे:
पिऊ नये.